रेंजबाहेरचा मॅप: बामणोलीच्या धक्क्यावर दर शनिवारी दिसणाऱ्या चुका

शनिवारी सकाळी बामणोलीला बोटीची वाट बघत थांबलं की एक दृश्य हमखास दिसतं. पाठीला नवीकोरी सॅक, पायात नवेकोरे बूट आणि मोबाईल आभाळाला दाखवत इकडून तिकडे फिरणारा एक गडी. "दादा, इथं नेट कुठं येतं? वासोटा किल्ल्याचा मॅप डाउनलोड करायचाय." हाच गडी तासाभरापूर्वी साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या दुकानासमोर अर्धा तास उभा होता. तिथं नेट पळत होतं, तेव्हा हा पेढ्यांचे फोटो टाकत होता. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारापुढं गेलं की रेंज येते-जाते, बामणोलीत कुणाच्या कार्डाला मिळते कुणाच्या नाही, आणि बोट शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, शिरली की विषयच संपला. पठार काही काल उगवलेलं नाही. तरी दर आठवड्याला नवा गडी, तोच प्रश्न.

मी वीसेक वर्षं या भागात भटकतोय, त्यातली निम्मी मोबाईल हातात धरून. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पुढच्या शनिवारी कुणी विचारलं की हेच पुढं सरकवीन.

"मॅप दिसतोय की माझ्या फोनमध्ये!"

ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक, आणि ती घरच्या सोफ्यावर होते. आदल्या रात्री मॅप उघडला, वासोटा शोधला, बोटांनी मोठा करून बघितला आणि झोपला. सकाळी वाटतं, मॅप आहे. तो असतो तात्पुरता साठलेला तुकडा. जेवढं बघितलं तेवढं काही काळ राहतं, त्यातही ज्या अंतरावरून बघितलं तेवढंच. जंगलात जरा मोठा करायला गेलात की करडे चौकोन दिसतात आणि मध्ये निळा ठिपका एकटाच बसलेला.

डाउनलोड म्हणजे ॲपच्या ऑफलाइन मॅपमध्ये जाऊन, चौकोन आखून, तो भाग पूर्ण उतरवणं. चौकोन आखतानाही हात आखडतो लोकांचा. गडाभोवती चिमूटभर चौकोन घेतात. अरे, परतीला बोटवाला तापोळ्याच्या बाजूला उतरवून गेला तर? सातारा, महाबळेश्वर, कोयनानगर, सगळं एका चौकोनात घ्या. जागा लागते ती लागू द्या, शुभ सकाळचे फोटो उडवा. आणि एकदा उतरवलेला मॅप जन्मभर पुरत नाही. गुगल मॅपमध्ये त्याला मुदत असते, ताजा केला नाही तर तो बाद होतो. गेल्या दिवाळीत उतरवला होता, हे उत्तर चालत नाही.

माझी सवय सांगतो. निघायच्या आदल्या रात्री जेवण झालं की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, बंद करून परत चालू करायचा, आणि मग मॅप उघडायचा. घरापासून शेवटच्या वाडीपर्यंत बोटानं रस्ता चालत जायचा. कुठं करडं दिसलं की मोड काढून तेवढं उतरवायचं. दहा मिनिटांचं काम आहे. बायको म्हणते, परीक्षेला चाललाय का. म्हणू दे.

यात एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. गुगल मॅप ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता सांगतो, चालण्याचा सांगत नाही. उपग्रहाचं चित्रही मॅपसोबत उतरत नाही. म्हणजे गडावर जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग बामणोलीपर्यंत. पुढं पायवाटा दाखवणारं काहीतरी वेगळं हवं. मी ऑरगॅनिक मॅप्स वापरतो, काही मित्र ओस्मँड वापरतात. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, आणि दोन्हींत समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, दिसू शकतात. पण तो नकाशा तुमच्या-माझ्यासारख्या लोकांनीच काढलेला असतो हे लक्षात ठेवा. जानेवारीत कुणी चालत गेला आणि रेघ मारली. सप्टेंबरात तिथं कमरेएवढं गवत असतं, वाट बिट काही नाही.

"रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही"

चूक. जीपीएसला सिमकार्डाशी काही देणंघेणं नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह बोलतात, फोन फक्त ऐकतो. जागा ठरवायला निदान ४ उपग्रह ऐकू यावे लागतात. नेट असतं तेव्हा कुठला उपग्रह कुठं आहे ही माहिती फोन नेटवरून पटकन घेतो. नेट नसलं की तीच माहिती त्याला उपग्रहाकडून सावकाश ऐकावी लागते. ती दर ३० सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून येते, मध्येच झाडाखाली गेलात की अर्धवट राहते. म्हणून पहिल्यांदा ठिपका यायला मिनिट-दोन मिनिटं, कधी जास्तही लागतात. उघड्यावर उभे राहा आणि गप्प बसा. लोक काय करतात? दहा सेकंदांत ॲप बंद, परत चालू, फोन हलव, दुसरं ॲप उघड. चुलीवरचं भांडं दर मिनिटाला उघडून बघणाऱ्याचा भात कच्चाच राहतो.

मी बोटीत बसतानाच ठिपका धरून ठेवतो. पाण्यावर आभाळ मोकळं असतं, पुढं जंगलात एवढं मोकळं मिळत नाही.

बाण म्हणेल ती दिशा

आता ही माझी स्वतःची फजिती. पाच-सहा वर्षं झाली. ऑगस्ट महिना, मी आणि माझा मावसभाऊ एका बाईकवर. ठोसेघर बघून चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. पवनचक्क्यांचं पठार ते. धुकं असं की पुढच्या चाकाच्या पुढं काही दिसेना. मॅप उतरवलेला होता, आदल्या रात्रीची परीक्षाही झाली होती. म्हटलं, घाबरायचं कारण नाही. मावसभाऊ म्हणाला, "दादा, जवळचा रस्ता दाखवतोय बघ, आठ किलोमीटर वाचतात." मोह झाला. तिथंच माती खाल्ली.

पठारावर एकेका पवनचक्कीपर्यंत कच्चा रस्ता गेलाय. तो क्रेन आणि ट्रक नेण्यासाठी केलेला, गावाला जाण्यासाठी नव्हे. मॅपवर मात्र त्या रेघेत आणि गावच्या रस्त्याच्या रेघेत फारसा फरक दिसत नाही. तिसऱ्या फाट्याला वळलो आणि थेट एका पवनचक्कीच्या काँक्रीटच्या ओट्यापाशी आलो. पाती दिसत नव्हती. डोक्यावर फक्त सूंऽऽ सूंऽऽ आवाज, आणि दर वेळी वाटायचं आता मानेवर येतंय.

मागं फिरायचं ठरवलं, पण मागं म्हणजे कुठं? ओट्याभोवती सगळीकडे सपाट मुरूम. मावसभावानं फोन काढला. ठिपका बरोबर जागेवर होता, कारण धुक्यानं जीपीएसला काही होत नाही. ठिपक्याचा बाण ज्या बाजूला होता तिकडं गाडी घातली. पन्नास पावलं गेलो असू, तेवढ्यात घोंगडीची खोळ घेतलेला एक म्हातारा समोर आला, मागं चार म्हशी.

"पाव्हणं, हिकडं कुठं? फुडं कडा हाय."

"मोबाईल दाखवतोय, मामा."

त्यांनी मोबाईलकडं बघितलंच नाही. खाली बघितलं. "त्यो ऱ्हाऊ द्या. ह्यी बघा तुमच्याच टायरची नक्षी. जशी आली तशीच मागारी जावा."

ओल्या मातीत टायरचा माग उमटला होता, आम्ही तो बघितलाच नव्हता. त्यावरून हळूहळू डांबरीला लागलो.

घरी आल्यावर डोक्यात उजेड पडला. मावसभावाच्या फोनला झाकणाचं कव्हर, झाकणाला लोहचुंबक. ठिपका उपग्रहावरून येतो, पण तुम्ही जागेवर उभे असता तेव्हा बाण फोनमधल्या होकायंत्रावरून येतो. त्याच्या शेजारी लोहचुंबक चिकटवलं की ते म्हणेल ती उत्तर दिशा. गाडीवरच्या चुंबकाच्या होल्डरचंही तेच. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. कव्हर काढून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवतो. आणि तरीही बाणावर विश्वास न ठेवता वीस-पंचवीस पावलं सरळ चालतो. ठिपका कुठं सरकला ती तुमची दिशा. एवढी पावलं चालायचा कंटाळा येत असेल तर मग रविवारी घरी बसावं.

आणि टायरची नक्षी? ती आता मी फोनमध्येच पाडतो. ॲपमध्ये ट्रॅक रेकॉर्ड करायची सोय असते. गाडीवरून किंवा बोटीतून उतरलं की पहिलं ते सुरू. चुकलात की आपल्याच रेघेवरून मागं. कुणाच्या तरी काढलेल्या वाटेपेक्षा आपण आत्ताच चाललेली वाट केव्हाही भरवशाची. लोक पुढचा रस्ता उतरवतात, मागचा कुणीच नोंदवत नाही. आठ किलोमीटर वाचवायच्या नादात आमचे दोन तास गेले, ते मावसभाऊ अजून कुणाला सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

बाकीच्या, थोडक्यात

व्हॉट्सॲपवर आलेली लोकेशनची लिंक जंगलात उघडत नाही, ती उघडायलाच नेट लागतं. घरीच उघडा आणि पिन सेव्ह करा.

खुर्द आणि बुद्रुक बघा. एकाच नावाच्या दोन वाड्या, मध्ये नदी, आणि जेवण सांगितलेलं पलीकडच्या वाडीत. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ॲपमध्ये वेगळं असतं, ऑफलाइन शोधताना तर नाव सापडतच नाही. पिन असली की शोधायची भानगड नाही.

अक्षांश-रेखांश कुणी आकड्यांत पाठवले तर अंश-मिनिटं आहेत की दशांश, ते विचारा. १७ अंश ४० मिनिटं हे १७.४० असं टाकलंत तर साताऱ्याऐवजी सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, पाटणच्या अंगाला जाल. एका आयटीवाल्या ग्रुपनं हे केलंय. नावं सांगत नाही.

ठिपक्याभोवतीचा फिकट निळा गोल शोभेचा नाही. तुम्ही त्या गोलात कुठंतरी आहात, एवढंच फोन सांगतोय. दाट झाडीत, कड्याला चिकटून चालताना तो मोठा होतो. डांबरी रस्त्यावर वीस मीटरची चूक चालते, वासोट्यावरच्या बाबूकड्याच्या काठाला चालत नाही. तिथं डोळे वापरा.

शिवसागराची निळी कड एकाच मोसमातली असते. कोयना धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, मॅपवर पाणी दिसतं तिथं चिखल असतो. बोट लागायची जागा त्याप्रमाणे हलते, ती बोटवाल्याला विचारा.

बॅटरी रेंज शोधण्यात जाते. एअरप्लेन मोड टाका, आताच्या फोनांत जीपीएस त्यातही चालतं. स्क्रीन सतत चालू ठेवू नका, फाटा आला की बघा. पॉवर बँक आणणारे पुष्कळ भेटतात, केबल घरी ठेवून.

लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवून निर्धास्त होऊ नका. रेंज गेली की तुमचा ठिपका त्यांच्याकडे जागेवर गोठतो आणि तुमची आई रात्री नऊला मला फोन करते. त्यापेक्षा निघताना सांगा: या वाटेनं जाणार, अमुक वाजता बामणोलीत परत. वासोट्यावर मुक्कामाला परवानगी नाही, वनखात्याकडे नोंद करून जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, त्यामुळं वेळ सांगणं अवघड नाही.

पलीकडे उतरल्यावर मी बोटीच्या जागेची पिन टाकतो, ट्रॅक सुरू करतो आणि बोटीचा नंबर हातावर पेनानं लिहितो. संध्याकाळी काठाला दहा-बारा बोटी एकसारख्या दिसतात, आणि त्यातली आपली कुठली हे कुठल्याच मॅपवर नसतं.