ताट आजचं, भीती तेव्हाची: इमोशनल फ्लॅशबॅकमध्ये या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली संध्याकाळ. नवऱ्याने ताट जरा जोरात ओट्यावर ठेवलं, "शेवभाजीत मीठ कमी आहे," म्हणाला आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. एवढंच. माझे मात्र हातपाय गळाले. पोटात गोळा, आणि डोक्यात एकच: आता काहीतरी होणार, आणि चूक माझीच आहे. तेव्हा वय ४२, जळगावात नोकरी, दहावीतला मुलगा. आणि मी मिठावरून थरथरत होते.

याला इमोशनल फ्लॅशबॅक म्हणतात. लहानपणी सतत मार, धाक, अपमान किंवा दुर्लक्ष वाट्याला आलं असेल, तर तेव्हाची भीती आणि लाज अचानक जशीच्या तशी उसळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (२०२२ पासून लागू) 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' (दीर्घकाळच्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार) हे वेगळं निदान आहे. त्यात असे फ्लॅशबॅक पुष्कळदा दिसतात, पण फ्लॅशबॅक येणाऱ्या प्रत्येकाला तो आजार असतोच असं नाही. मी डॉक्टर नाही. आधी चुका केल्या, मग उपचार घेतले, त्यातलं हे.

चित्र दिसत नाही, म्हणून ओळखायला चुकतो

सिनेमात फ्लॅशबॅक आला की जुना प्रसंग दिसतो. इथे काहीच दिसत नाही, फक्त भावना येते. मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याचा वास आला की अंगाला उठवतो. गोष्ट कधीची, कुठली, याची नोंद ठेवणारा हिप्पोकॅम्पस मात्र अतिताणात नीट काम करत नाही. पाकीट येतं, पण त्यावर पोस्टाचा शिक्का नसतो. मग ते आजचंच वाटतं.

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात कापसाचा भाव पडला की आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, राजदूत मोटारसायकलची फटफट लांबूनच कळायची. गाडी स्टँडवर कशी लागली, त्यावरून आम्ही भावंडं रात्रीचा अंदाज बांधायचो. मार खाल्लेले प्रसंग मला फारसे आठवत नाहीत. स्टँडचा तो खणका अंगाला आठवतो. ओट्यावर ताट आदळलं तेव्हा तोच वाजला.

ओळखायची खूण सांगते. भावना प्रसंगाच्या मानाने फार मोठी असते, आणि आपण एकदम लहान होतो. साहेब "जरा केबिनमध्ये या" म्हणतात आणि आपण चौथीच्या वर्गात अंगठे धरून उभे.

पण प्रत्येक धडधड म्हणजे फ्लॅशबॅक नव्हे. भुसावळकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, रात्री लाईट जाते, झोप होत नाही. अशात साधं बोलणंही लागतं. आधी पाणी प्या, दोन घास खा. छातीत दुखत असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर 'जुनं उसळलं असेल' म्हणत बसू नका, दवाखाना गाठा.

भीतीचं खापर समोरच्यावर फोडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्हाला माझी किंमतच नाही." तो गोंधळला, मग त्याचा आवाज चढला. चढलेला आवाज ऐकून माझ्या भीतीला पुरावा मिळाला. दोन दिवस अबोला.

आता त्या वेळी भांडणही नाही आणि निर्णयही नाही. "आत्ता मला बरं वाटत नाहीये, अर्ध्या तासाने बोलू," म्हणते आणि गच्चीवर जाते. मात्र समोरचा खरोखर हात उगारत असेल, तर त्याला फ्लॅशबॅक म्हणू नका. तो आजचा धोका आहे. महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलिसांचा ११२ लावा.

सगळे माझ्यासारखे भांडतही नाहीत. कुणी कामाला जुंपून घेतं, कुणी बधिर होऊन मोबाइल चाळत पडतं. माझी धाकटी बहीण कानबाईच्या रोटांच्या सणाला घरभर माणसांचं एकटी करते आणि कुणी काही न बोलताही माफी मागत असते. सगळे तिला गुणाची म्हणतात, हे आणखी वाईट.

डोळे मिटून स्वतःला 'शांत हो' म्हणणं

माझं तरी डोळे मिटले की आत आणखी घसरणं व्हायचं. डोळे उघडे ठेवा. पाय थंड फरशीवर टेकवा, समोरच्या वस्तूंची नावं घ्या: कुकर, कॅलेंडर, मुलाची सायकल. आजची तारीख मोठ्याने म्हणा. भराभर मोठे श्वास ओढले तर चक्कर येते. मोल आहे ते सावकाश सोडण्याला. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते.

समुपदेशकाने 'मी सुरक्षित आहे' म्हणायला सांगितलं होतं. मला ती सरकारी जाहिरात वाटायची. मग एकदा आपसूक अहिराणीत निघालं, "बेटा, भिऊ नको. आते तू मोठी व्हयी गयी. आप्पा आठे नहीत." (आता तू मोठी झालीस. आप्पा इथे नाहीत.) तेव्हा कुठे श्वास सुटला. भीती ज्या बोलीत शिकले, तिला तीच बोली कळत होती.

हे का होतंय, कुणामुळे होतंय, याचं उत्खनन त्या क्षणी करू नका. नंतर वेळ आहे.

आखाजीला हिशेब मागणं

हेही केलंय. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. झोके बांधलेले, खापरावर मांडे चाललेले, आणि मी सगळ्या भाऊबंदांसमोर जुनं काढलं. आप्पा म्हणाले, "आम्ही तुम्हाला काय कमी केलं?" आई रडली. काकू म्हणाली, "कसाले जुनं उकरी ऱ्हायनी?" परतीच्या एसटीत बसेपर्यंत मी आठ वर्षांची होते. बोलायचंच असेल तर सणवार टाळून एकाशीच बोला, आणि माफीची आशा धरून जाऊ नका.

दृष्ट काढून कुणाचं वाईट होत नाही, पण तिच्यावर विसंबून उपचार लांबतात. दारू आणि मेडिकलवरून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र दुसरा आजार मागे लावतात. घरच्यांनी "एवढ्यात काय रडायचं" म्हणू नये, न विचारता जवळही ओढू नये. आमच्याकडे आता "पाणी आणू?" एवढंच विचारलं जातं.

उपचारातली चूक: पहिल्याच दिवशी मी सगळं ओकून टाकलं, चार दिवस हादरले आणि वर्षभर तिकडे फिरकले नाही. "आज एवढंच," असं म्हणता येतं. जळगाव, धुळे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्री-बेरात्री मराठीत, फुकट बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल तर आत्ताच लावा.

फ्लॅशबॅक ओसरला की एक ओळ वहीत लिहा: कोणत्या दिवशी, कशाने, किती वेळ. माझ्या वहीत पहिली नोंद 'ताट, दोन दिवस' अशी आहे. यंदाच्या श्रावणात 'कुकरचं झाकण, चाळीस मिनिटं.' त्यानंतर मागच्या महिन्यात पुन्हा 'दीड दिवस'. तेव्हा आप्पा दवाखान्यात होते, आणि त्यांचा डबा मीच नेत होते.