पीआर करताना: हात, जेली आणि पेशंटची लाज

गुदद्वारात बोट घालून करायची तपासणी, ओपीडीच्या भाषेत पीआर, मिनिटभरात आटोपते. बेळगावात सर्जिकल ओपीडीला सिस्टर म्हणून मी डॉक्टरांच्या शेजारी उभी असते, तेव्हा माझा एक डोळा पेशंटच्या चेहऱ्यावर असतो आणि दुसरा डॉक्टरांच्या उजव्या हातावर. मळलेला ग्लोव्ह कुठे कुठे फिरतो बघा: जेलीची ट्यूब, पडदा, नळाची तोटी, केसपेपर, खिशात वाजणारा मोबाइल. जंतू पसरतात ते इथून. म्हणून नव्या इंटर्नना आणि नर्सिंगच्या पोरींना मी एकच गोष्ट घोकायला लावते. ग्लोव्ह चढवायच्या आधी सगळं मांडून ठेवा, म्हणजे नंतर पेशंटशिवाय कशालाच हात लावायची वेळ येत नाही.

मांडायचं काय? टेबलावर मॅकिंटॉश, म्हणजे रबरी चादर, त्यावर दर पेशंटला नवा कागद किंवा धुतलेला कपडा. किडनी ट्रेमध्ये गॉजचे चार-पाच तुकडे, ग्लोव्हज, एखादा फाटला तर म्हणून जास्तीची जोडी. एका गॉजवर जेली आधीच पिळलेली. लाइट वळवलेला, पायाने उघडणारे कचऱ्याचे डबे जवळ ओढलेले. मांडून झालं की मग पडदा.

जेलीबद्दल जरा जास्त बोलते, कारण हातातल्या ग्लोव्हकडे सगळे बघतात आणि जेलीकडे कुणीच नाही. मोठ्या बाटलीत बोट बुडवून जेली घेणं म्हणजे एकाची घाण दहाजणांना वाटणं. ट्यूब असेल तर तिचं तोंड ग्लोव्हला किंवा गॉजला टेकवू नका, वरूनच पिळा. खेड्यातल्या दवाखान्यात अजून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरतात. तेलाने लेटेक्सचा, म्हणजे रबराचा, ग्लोव्ह कमकुवत होतो आणि ऐनवेळी फाटतो. पाण्यात विरघळणारी जेलीच घ्या. बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावणार असाल तर त्या औषधाची ॲलर्जी आधी विचारा आणि लावल्यावर काही मिनिटं थांबा. लावलं की लगेच बोट घातलं तर ती नुसती वंगणाचं काम करते. रबराचे फुगे किंवा हातमोजे वापरून अंगाला खाज सुटते का, हेही विचारायचं. हो म्हणाले तर लेटेक्सऐवजी नायट्राइलचे ग्लोव्ह घ्या.

ऑपरेशनचे निर्जंतुक ग्लोव्ह या कामाला लागत नाहीत, स्वच्छ तपासणीचे पुरतात. पण बोटावर चढवायची छोटी रबरी टोपी पुरत नाही, पूर्ण ग्लोव्हच हवा. अंगठी आणि घड्याळ काढा, नखं कापलेली असू देत. साबणाने 40 ते 60 सेकंद हात धुवा. हात मळलेले दिसत नसतील तर आधी सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळला तरी चालतो. ग्लोव्ह काढल्यावर मात्र साबण-पाणीच. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जुलाब लावणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंवर सॅनिटायझर चालत नाही, आणि ग्लोव्हला डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात.

आता पेशंट. जांबोटी-कणकुंबीकडून सकाळची बस धरून आलेले आजोबा रक्त पडतंय हे सांगतात, पण तपासायचं म्हटलं की, “नको की ओ, गोळी द्या तेवढी.” निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायकाही लाजेपायी दुखणं अंगावर काढून फार उशिरा येतात. मधल्या काळात भिंतीवरच्या ‘मूळव्याध खात्रीने बरी’ वाल्याकडे जाऊन आलेले असतात, ते वेगळंच. त्यांना घाई करू नका. काय करणार, का करणार, थोडं दडपण येईल आणि संडासला लागल्यासारखं वाटेल, थांबा म्हणाल तिथे थांबू, एवढं कपडे काढायच्या आधी सांगा आणि होकार घ्या. नको म्हणाले तर नको, केसपेपरवर तसं लिहा. बाईपेशंट असेल तर खोलीत बाई हवीच, आणि पुरुषांनाही सोबत कोण हवं ते विचारलेलं बरं. कन्नड पेशंटशी बोलायला सासूला किंवा पोराला मध्ये घालू नका, त्यांच्यासमोर खरी तक्रार बाहेर येत नाही. “काल मडच्री”, म्हणजे पाय दुमडा, “उसिरु बिड्री”, श्वास सोडा, आणि “नोव आदर हेळ्री”, दुखलं तर सांगा. एवढं तरी येऊ द्या.

डाव्या कुशीवर झोपवा, गुडघे पोटाशी, पार्श्वभाग टेबलाच्या काठाशी. लागेल तेवढाच भाग उघडा ठेवा, बाकी चादर. म्हातारं माणूस काठावरून घसरू नये म्हणून सिस्टरने पुढच्या बाजूला उभं राहायचं.

आणि मग बोट नाही, आधी डोळे. कुल्ले हलकेच बाजूला करून भेग, गाठ, सूज, भगंदराचं तोंड बघा. ताजी भेग दिसली आणि स्पर्शानेच पेशंट कळवळला तर तिथेच थांबा. निदान झालेलं असतं, बोट घालून फक्त छळ होतो. गुदद्वाराचं नुकतंच ऑपरेशन झालंय, किमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्यात, आत टोकदार वस्तू अडकल्याचा संशय आहे, अशा वेळी सीनिअरना विचारल्याशिवाय हात लावू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही त्यांच्या कानावर घाला. तापासह प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी, सुजलेली असेल तर ती चोळायची नाही, जंतू रक्तात जाऊ शकतात. पीएसएचं, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासणीचं, रक्त द्यायचं असेल तर ते आधी काढून घेतलेलं बरं. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटचं पीआर करताना बीपी एकदम चढू शकतं. डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला की बोट बाहेर, पेशंटला उठवून बसवा आणि बीपी बघा. लहान मुलाचं पीआर इंटर्नने करायचंच नाही.

तर्जनीला भरपूर जेली लावून बोटाचा मऊ भाग गुदद्वारावर नुसता टेकवून ठेवा. पेशंटला तोंडाने श्वास सोडायला सांगा. स्नायू सैल पडला की बोट बेंबीच्या दिशेने सावकाश सरकवा, मग सगळ्या बाजूंनी फिरवून बघा. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा, जोर लावून आत जायचं नाही. बाईपेशंटची योनीमार्गाची तपासणीही करायची असेल तर ती आधी करा. क्रम उलटा झालाच तर मधे ग्लोव्ह बदला.

बोट बाहेर आल्यावर ग्लोव्हकडे बघा: ताजं रक्त, शेंब, की डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास. रक्त वाढीच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांची संडास काळपट-हिरवी असते, पण ती डांबरासारखी चिकटत नाही. पेशंटला आधी पुसून झाका, मग स्वतःचं आवरा. ग्लोव्ह मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा काढायचा आणि दुसऱ्या मुठीत धरायचा, मग मोकळं बोट दुसऱ्या ग्लोव्हच्या आत घालून तोही उलटवायचा. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ग्लोव्ह लाल पिशवीत, मळलेले गॉज पिवळ्या पिशवीत. मॅकिंटॉशवर रक्त किंवा घाण लागली असेल तर आधी पुसून काढा, मग हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारणारं ब्लीचचं पाणी. ते रोजचं रोज ताजं बनवा, कालच्याचा जोर गेलेला असतो.

पेशंटला लगेच उभं करू नका, कुणाकुणाला चक्कर येते. दोन मिनिटं बसू द्या, पाणी विचारा. काय सापडलं ते कपडे घालून झाल्यावर, पडद्याच्या आत सांगा, रांगेला ऐकू जाईल असं नाही. रक्त थांबलं नाही किंवा ताप आला तर परत या, असंही बजावा. केसपेपरवर होकार, सोबत कोण होतं त्याचं नाव, आणि गाठ किंवा भेग घड्याळाच्या कितीच्या काट्याला आहे ते लिहा. 12 म्हणजे पुढची बाजू. कुशीवर झोपवून बघितलंत तरी हाच हिशेब, नाहीतर पुढचा डॉक्टर भलत्याच जागी शोधत बसतो.