सरकारी पॉलिसीची नोट एआयकडून काढताना गोव्यात काय सांभाळायचं

पहिली गोष्ट म्हणजे फाईल उचलून तशीच चॅटजीपीटीत टाकू नका. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २०२५ च्या जानेवारीत स्टाफला सांगितलं होतं की ऑफिसच्या मशीनवर चॅटजीपीटी, डीपसीक असली टूल्स नकोत, ते उगीच नाही, आत टाकलेला मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. आपल्या खात्यात काय चालतं ते साहेबांना विचारा, आणि चालत असलं तरी अर्जदाराचं नाव, फोन, सर्व्हे नंबर, कॅबिनेटला जायचा ड्राफ्ट हे आत जाता कामा नये. राजपत्रात छापून आलेलं मात्र बिनधास्त टाका.

आता खरी गोम. मराठीत विचारलं की हा गडी बऱ्याचदा थेट महाराष्ट्रात जाऊन बसतो. जमिनीचा विषय काढा, सातबारा आणि तहसीलदार घेऊन येईल, आपल्याकडे एक-चौदाचा उतारा आणि मामलेदार. पंचायतीचं विचारा तर पंचायत समितीला चार अधिकार देऊन मोकळा, जी गोव्यात नाहीच, आपल्याकडे ग्रामपंचायत आणि तिच्यावर डायरेक्ट जिल्हा पंचायत. कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), मुंडकार (जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असले विषय आले तर विचारूच नका. आणि भाषा इतकी गुळगुळीत की सेक्शनमधला नवा पोरगा तशीच नोट वर पाठवेल.

म्हणून त्याच्या डोक्यातलं काही मागायचंच नाही, कागद आपणच द्यायचा. समजा गावातल्या होमस्टेंची पॉलिसी आहे, तर गोवा पंचायत राज कायदा १९९४ मधली लागतील ती कलमं काढून पेस्ट करा (स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर आकडे डोळ्यांनी बघा, ३ चा ८ होतो) आणि वर लिहा: 'खालच्या मजकुरातूनच उत्तर दे. प्रत्येक मुद्द्यापुढे कलम नंबर लिही. मजकुरात नसेल तर मिळालं नाही असं लिही. हे गोवा राज्य आहे, महाराष्ट्राचा कायदा लावू नको.' एवढं करूनही आलेलं प्रत्येक कलम मूळ कायद्यात उघडून बघायचंच, ह्याला शॉर्टकट नाही. ऑस्ट्रेलियात २०२५ मध्ये डेलॉइटसारख्या बड्या सल्लागार कंपनीला सरकारी रिपोर्टचे काही पैसे परत करावे लागले, एआय वापरलेलं आणि रिपोर्टात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले.

माझ्या मते ह्याचा खरा उपयोग नोट लिहिण्यात नाही, लोकांच्या सूचना लावण्यात आहे. ड्राफ्ट लोकांसमोर ठेवला की पेडणे ते काणकोण कुठूनही पत्रं येतात, एकच मुद्दा दहा तऱ्हेने लिहिलेला. प्रत्येक पत्राला नंबर द्या, नावं काढा, आणि मुद्द्यांप्रमाणे गट करून कुठल्या गटात कुठले नंबर ते लिहायला सांगा. बेरीज आपणच करायची, मोजण्यात तो गडबडतो. रोमी कोंकणीतली (रोमन लिपीत लिहिलेली) पत्रं माणसाने वाचलेली बरी. आणि 'इतर' नावाचा गट तर पूर्ण वाचायचाच, कारण एखादी मासे विकणारी बाई अख्ख्या ढिगात कोणीच न म्हटलेलं काहीतरी म्हणत असते आणि ते नेमकं तिथे गाडलं जातं.

शेवटी चॅटची प्रिंट फाईलला लावा, टूलचं नाव, तारीख आणि कलमं कोणी तपासली त्याची सही घ्या, उद्या आरटीआय आली तर शोधाशोध नको.