रुबीचा वेग वाढवताना या चुका टाळा

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोग्रॅम संथ चालतो अशी तक्रार करणाऱ्यांना हल्ली एकच उपाय सुचतो, तो म्हणजे वायजिट चालू करणे. रुबीबरोबरच येणारा हा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच त्याचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा भाग, 3.1 आवृत्तीत प्रयोग म्हणून आला आणि 3.2 पासून प्रत्यक्ष कामात वापरण्याजोगा झाला. मात्र तो आपोआप चालू होत नाही, आणि रुबी बिल्ड करताना मशीनवर रस्ट या दुसऱ्या भाषेचा कंपायलर नसेल तर वायजिट बायनरीत, म्हणजे तयार झालेल्या रुबीच्या फाइलमध्ये, येतच नाही. हे मी दोन दिवस वाया घालवून शिकलो. एका कामात वायजिटसह आणि वायजिटविना घेतलेल्या वेळा जवळजवळ सारख्याच येत होत्या, म्हणून मी एकेक मेथड, म्हणजे नावाने कॉल करता येणारा कोडचा तुकडा, नव्याने लिहीत बसलो. शेवटी वायजिटचा पर्याय देऊन रुबीची आवृत्ती छापून पाहिली, तर त्या ओळीत वायजिटचे नावच नव्हते. वायजिट नसल्याची वॉर्निंग रुबी प्रत्येक वेळी देत होती, पण ती ज्या लॉगमध्ये जात होती तो आम्ही कोणीच उघडत नव्हतो. तेव्हापासून ती ओळ वाचल्याशिवाय मी काहीही मोजत नाही.

कंपायलर खरोखर चालू असला, तरी लहान प्रोग्रॅममध्ये एखादी मेथड साधारण 30 वेळा कॉल झाल्यावरच वायजिट ती कंपाइल करतो. त्यामुळे क्षणभर चालणारी स्क्रिप्ट मोजून निकाल देणाऱ्या उतावळ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसरी चूक वेगाची नाही, पण नवशिक्यांच्या कोडमध्ये ती हमखास सापडते. हॅश (किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांचा साठा) तयार करताना डिफॉल्ट, म्हणजे किल्ली नसेल तेव्हा मिळणारी किंमत, म्हणून रिकामा ॲरे (यादी) दिला, की प्रत्येक किल्लीला स्वतंत्र ॲरे मिळेल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ॲरे एकच असतो. 'अ' या किल्लीखाली 5 ढकलल्यावर 'ब' विचारले तरी 5 असलेला तोच ॲरे मिळतो, आणि हॅशची लांबी मात्र शून्यच राहते, कारण हॅशमध्ये काही साठवलेलेच नसते. डिफॉल्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे गरज पडेल तेव्हा चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात, द्यावा आणि त्याच ब्लॉकमध्ये नवा ॲरे किल्लीला नेमावा. दोन अक्षरे वाचवणारी पळवाट मला मान्य नाही.

आता पुन्हा वेगाकडे. इन्स्टन्स व्हेरिएबल्स, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतःची व्हेरिएबल्स, जमेल तिथे नेमण्यापेक्षा सगळी इनिशियलाइजमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये, एकाच क्रमाने नेमावीत. डीबगिंगसाठी लावलेला ट्रेसपॉइंट (प्रोग्रॅममधल्या घटनांवर नजर ठेवणारे रुबीचे साधन) प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रॅममध्ये, विसरू नये, कारण तो चालू होताच वायजिटने कंपाइल केलेला कोड बाद होऊ शकतो.