देश निवडताना आधी व्हिसा वाचा

मोकळेपणासाठी देश सोडायचा असेल, तर स्वातंत्र्याच्या जागतिक क्रमवाऱ्या नंतर बघा. त्या तिथल्या नागरिकांचं आयुष्य मोजतात, आणि तुम्ही पहिली काही वर्षं नागरिक नसणार. आधी बघा, नोकरी गेली तर काय होतं. अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे मालकाशी बांधलेल्या कामाच्या व्हिसावर असाल, तर नवा मालक शोधायला किंवा दुसरी सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. शिवाय भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग कित्येक वर्षांची. कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम रहिवास, हाती आलं की कुठल्याही मालकाकडे काम करता येतं. न्यूझीलंडमध्ये तर वर्षभर सलग राहिलेल्या कायम रहिवाशाला संसदेसाठी मतदानही करता येतं! मला हा फरक कुठल्याही क्रमवारीपेक्षा मोठा वाटतो.

जोडीदाराला काम करता येईल का, हेही आत्ताच विचारून ठेवा. घरातल्या एकाचंच स्वातंत्र्य वाढून काय उपयोग?

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी पासपोर्ट घेतलात, तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड) मिळेल, पण इथलं मत जाईल. गावाकडे नवी शेतजमीनही विकत घेता येणार नाही. वारसाहक्काने मात्र मिळू शकते.