आत्याच्या जुन्या संगणकावरचा ब्राउझर बदलताना

आत्याच्या संगणकावर कुठलीही साइट उघडली की प्रमाणपत्राचा (साइट खरी असल्याच्या डिजिटल पुराव्याचा) इशारा यायला लागला, तेव्हा तिने मला फोन केला. "अगं, कालपर्यंत तर नीट चालत होतं." मी तिला आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितली. निघाली २००९ सालची. संगणकाच्या आतल्या मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की संगणक बंद केल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि मग ब्राउझरला वाटतं की साइटच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. तुमच्याकडे असा इशारा आला तर ब्राउझरला हात लावण्याआधी तारीख बघा.

सेल बदलला, तारीख लावली, साइट उघडल्या. पण त्या निमित्ताने मी तो संगणक नीट पाहिला. विंडोज ७, २ जीबी रॅम, क्रोम १०९ आणि टास्कबारवर इंटरनेट एक्सप्लोररचं निळं 'ई'. आत्या तिची मेल त्याच संगणकावर बघते, म्हणून मला ते तसंच सोडून येववेना.

क्रोम १०९ ही विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ मधली. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, तर १४ जानेवारी २०२० लाच संपला. साइट उघडतात, म्हणजे सगळं ठीक आहे, असं आत्याला वाटायचं आणि बहुतेकांना तसंच वाटतं. पण नव्या आवृत्तीत सुरक्षेतलं एखादं भोक बुजवलं जातं तेव्हा ते कुठे होतं हेही जगाला कळतं. जुन्या आवृत्तीत ते उघडंच राहतं, आणि तिथून शिरायला नुसतं एक पान उघडणं पुरतं. अँटिव्हायरस असला तरी हे भोक बुजत नाही.

म्हणून सुरुवात ब्राउझरपासून करू नका, विंडोजपासून करा. 'कॉम्प्युटर' किंवा 'धिस पीसी'वर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. विंडोज कुठलं, रॅम किती, सिस्टिम ३२ बिट की ६४ बिट, हे तिन्ही तिथे मिळतं. कागदावर लिहून घ्या.

विंडोज १० असेल तर काम सोपं आहे. त्याचा स्वतःचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला तरी आजचे फायरफॉक्स आणि क्रोम त्यावर बसतात. एक्सपी असेल तर मी कुठलाच ब्राउझर सुचवणार नाही. त्या संगणकाची इंटरनेटची वायर काढा आणि तो लिहायला, जुने फोटो बघायला वापरा. विंडोज ७, ८ किंवा ८.१ असेल तर फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) ही आवृत्ती घ्या. त्या विंडोजवर चालणारी फायरफॉक्सची ही शेवटची शाखा. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तिच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत अनेकदा वाढवली आहे, पण ती कायमची नाही. हा मधला मुक्काम समजा.

जुन्या ब्राउझरमधून मोझिलाची साइटच उघडली नाही, तर दुसऱ्या संगणकावर फाइल उतरवून पेन ड्राइव्हने आणा. पूर्ण इन्स्टॉलर घ्या. छोटी फाइल बसवताना पुन्हा इंटरनेट मागते. बिट आपल्या कागदाशी जुळवा. फाइलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा, तिथे मोझिला कॉर्पोरेशन हे नाव हवं. आणि 'तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे क्लिक करा' असं एखादं पान सांगू लागलं तर तिथून काहीही उतरवू नका. ही फसवणूक फार चालते आणि जुन्या संगणकावर ती पटकन खरी वाटते.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची: जुना ब्राउझर लगेच काढू नका. आत्याचे पासवर्ड तिला एकही पाठ नव्हते, सगळे क्रोमलाच ठाऊक. आधी क्रोम पूर्ण बंद केला. मग फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून बुकमार्कची खिडकी उघडली आणि 'इम्पोर्ट अँड बॅकअप'मधून दुसऱ्या ब्राउझरचा डेटा आणायला सांगितलं. बुकमार्क आणि पासवर्ड दोन्ही आले. तरीही आत्याला शेजारी बसवून तिची प्रत्येक नेहमीची साइट एकेक करून उघडली. एका ठिकाणी जुनाच पासवर्ड साठवलेला निघाला. तो तिथल्या तिथे बदलता आला, नाहीतर महिन्याभराने तिची पंचाईत झाली असती. ब्राउझरमधून पासवर्डची यादी असलेली सीएसव्ही फाइल काढली असेल, तर काम होताच ती रिसायकल बिनमधूनही काढा. त्यात सगळं साध्या अक्षरांत असतं.

मेलचा पासवर्ड मात्र नवा करा, आणि तो दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून. जुना ब्राउझर किती दिवस उघडा होता, कोण येऊन गेलं, हे कळायला मार्ग नसतो. मेल ज्याच्या हातात, त्याला बाकीचे पासवर्डही बदलता येतात.

मग सवयीचं काम. फायरफॉक्स डीफॉल्ट केला, तरी टास्कबारवर निळं 'ई' दिसलं की हात तिकडेच जातो. ते तिथून काढा. 'कंट्रोल पॅनेल'मध्ये 'प्रोग्राम्स अँड फीचर्स' आणि तिथून 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' इथे एक्सप्लोररपुढची खूण काढता येते. त्यानंतर संगणक एकदा पुन्हा सुरू करावा लागतो. आत्याने विचारलंच, "अगं, माझं ते निळं ई कुठे गेलं?" त्याच जागी फायरफॉक्सचं चिन्ह ठेवलं आणि तिचं नेहमीचं पान पहिलं उघडेल असं केलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारणं थांबवलं.

२ जीबी रॅमवर एकावेळी चार-पाचच टॅब ठेवा. युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवा. जाहिरातींचं ओझं गेलं की जुना संगणक बराच हलका चालतो आणि फसव्या जाहिरातीही कमी दिसतात. दुसरी डझनभर एक्स्टेन्शन्स नकोत.

कार्यालयातली एखादी जुनी साइट एक्सप्लोररशिवाय चालतच नसेल, तर विंडोज १० वर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' आहे, म्हणजे साइट एक्सप्लोररसारखी उघडण्याची सोय. तो फक्त त्या एका साइटपुरता चालू करा.

मधल्या मुक्कामानंतर कुठे? प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर मी विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीकडे वळेन. तिला किमान २ जीबी रॅम पुरते, ४ असली तर बरं. पेन ड्राइव्हवरून ती काहीही न बसवता चालवून बघता येते. आवाज, वायफाय, प्रिंटर तपासा. बसवण्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्क पुसली की परत काही मिळत नाही. आत्याने तसं चालवून पाहिलं. फायरफॉक्सचं चिन्ह ओळखीचं निघालं, तेवढ्यावर तिची भीती गेली.

तोवर दर महिन्याच्या १ तारखेला मी तिला फोन करते. ती 'हेल्प'मधलं 'अबाउट फायरफॉक्स' उघडते आणि मला आकडा वाचून दाखवते. मी तो मोझिलाच्या यादीशी ताडून पाहते.