मुलाच्या कानात पाणी साचलंय आणि कुणी अँटिऑक्सिडंट सिरप सुचवलंय, तर काय करायचं

ईएनटीवाल्यांनी (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी) कानाच्या पडद्यामागे पाणी सांगितलं की ती तारीख आधी लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशोब तिच्यावरून चालतो. बऱ्याच मुलांचं पाणी ३ महिन्यांत आपोआप जातं, त्यामुळे त्या काळात जे काही औषध चालू असेल त्यालाच श्रेय मिळतं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

अँटिऑक्सिडंटमागची कल्पना अगदीच हवेतली नाही. सूज आली की पेशींतून फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे रेणू, अँटिऑक्सिडंट यांनाच आवरतं) बाहेर पडतात, ते कानातल्या अस्तराला त्रास देतात आणि तिथला स्राव घट्ट होत जातो. एन-ॲसिटाइलसिस्टीन घट्ट कफ पातळ करतं आणि अँटिऑक्सिडंटसुद्धा आहे म्हणून त्याच्यावर आशा ठेवली गेली, पण मुलांना नेहमी द्यावं इतका पुरावा अजून नाहीये. अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांची २०१६ ची गाइडलाइन तर अशा पाण्यासाठी अँटिबायोटिक, स्टिरॉइड, सर्दीच्या गोळ्या यांनाही नाही म्हणते. म्हणून आवळा, पेरू, पालेभाज्या खुशाल द्या, पण व्हिटॅमिनचे डोस स्वतःच्या मनाने नको, ए व्हिटॅमिन शरीरात साठतं आणि जास्त झालं तर लिव्हरला बाधतं.

तेल किंवा लसणाचं तेल कानात अजिबात घालू नका, पाणी पडद्याच्या आत आहे, तिथे ते पोचतच नाही.

या ३ महिन्यांत खरं काम ऐकण्याचं आहे. अशा मुलाला दोन्ही कानांत बोटं घातल्यासारखं ऐकू येतं, हाक मारली तरी बघत नाही आणि आपण त्याला हट्टी समजतो, बिचाऱ्याचा काही दोष नसतो! टीव्ही बंद करून समोर बसून बोला, शाळेत बाईंना सांगून पुढच्या बाकावर बसवा. घरात सिगारेट-बिडी बंद, आडवं झोपवून बाटलीने दूध बंद. मूल ४-५ वर्षांचं असेल तर नाकाने फुगवायचा खास फुगा मिळतो, तो चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

३ महिन्यांनी टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का, मागे पाणी आहे का ते बघणारी तपासणी) आणि ऑडिओमेट्री (ऐकू किती येतं त्याची तपासणी) करून घ्या. दोन्ही कानांत पाणी तसंच असेल आणि ऐकू कमी येत असेल तर ग्रोमेटबद्दल (छोट्या ऑपरेशनने पडद्यात बसवायची बारीक नळी) डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, सिरपच्या आणखी बाटल्या आणत बसू नका. बोलणं उशिरा येतंय, टाळू दुभंगलेला आहे किंवा डाउन सिंड्रोम आहे अशा मुलांच्या बाबतीत मात्र ३ महिने थांबायचं नाही, ऐकण्याची तपासणी लगेच.